अण्णांचं बुधवारचं गिऱ्हाईक

दादा,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवला, आम्ही हात जोडले, आणि मी मान वर करते तोवर हा पठ्ठ्या चोच मारून पलीकडच्या कठड्यावर जाऊन बसलासुद्धा. ओंकारेश्वरावर शेजारीच दुसऱ्या कुणाचा तरी दहावा चालू होता. त्यांची माणसं केव्हाची कावळ्याची मनधरणी करत होती, नातवंडांचं बघतो म्हणत होती, कर्ज फेडतो म्हणत होती. आपल्याकडे काम झटपट. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "समाधानाने गेला हो पोरगा. काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती." मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, याचं हे नेहमीचंच. आयुष्यभर "माझं काही नाही, तुमचं होऊ दे", आणि गेल्यावरही तेच.

काही राहिलं नव्हतं म्हणे! अरे, आपलं भांडण राहिलंय की. चांगलं रंगात आलेलं भांडण असं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का? तू फौजेतला माणूस. मोर्चा सोडू नये एवढं तरी तुला शिकवलं असेल. आणि शेवटचा शब्द तुझा राहिला, तो तरी काय, तर "जाऊ दे ना, कुंदे." तुझं सगळंच बोलणं तिथे येऊन संपायचं. लग्नाचा विषय काढला तरी जाऊ दे, मांजरी गावच्या प्लॉटचा काढला तरी जाऊ दे.

गेल्या आठवड्यात अण्णांना घेऊन मी पुन्हा त्या कचेरीत गेले होते. तिथे जे झालं ते तुला कळायलाच हवं, आणि ते सांगायला आता माझ्याकडे हा कागदच आहे. पण ते शेवटी सांगेन. आधी माझा राग ऐकून घे. रांगेत तो पहिला उभा आहे.

तू फौजेत गेलास तेव्हा नारायण पेठेतल्या अण्णांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर भाड्याच्या सायकलींची ओळ, आत उलट्या केलेल्या सायकली, आणि मध्ये अण्णा चाक फिरवत, एक डोळा बारीक करून त्याचा आऊट, म्हणजे ते कुठे डुगडुगतंय ते, बघत बसलेले. त्यातलीच एक दांड्याची सायकल काढून तू मला कैची मारायला शिकवलंस. मी पडले की आधी सायकलला काही झालं का ते बघायचास. मी भोकाड पसरलं तर म्हणायचास, "तुझा गुडघा भरून येईल, रिमचं काय?" अण्णांचा मुलगा शोभायचास.

मग तू दर वर्षी सुट्टीवर यायचास आणि दर वेळी दुकानातल्या दोन-चार सायकली कमी झालेल्या असायच्या. इकडे पुण्याची तऱ्हाच बदलून गेली. बँका दारात येऊन गाडीसाठी कर्ज देऊ लागल्या. भाड्याच्या सायकलीवर ज्यांनी कैची मारली, त्यांची पोरं गळ्यात कार्ड अडकवून कंपनीच्या थंडगार बसमधून हिंजवडीला जायला लागली. सायकल कुणाला हवी होती? तरी अण्णा रोज सकाळी कुलूप काढायचे, आणि "भाड्याने सायकल मिळेल" ही पाटी फडक्याने पुसायचे. भाड्याला द्यायला दुकानात एकही सायकल उरली नव्हती.

तू हवालदार म्हणून परत आलास. मिळालेले पैसे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये घातलेस, उरलेल्यात मांजरीला एक प्लॉट घेतलास. लग्न आधी जमलं नाही, मग तू जमवलं नाहीस. आई गेल्यावर अण्णांना पेठेतून तुझ्याकडे आणलंस. बर्फात पहारा दिलेला माणूस तू, हिंजवडीला एका काचेच्या इमारतीच्या दारात उभा राहून पोरांची कार्डं तपासायला लागलास. ती तुला अंकल म्हणायची. मला चीड यायची. तू म्हणायचास, "अगं, चांगली आहेत पोरं. झोप नसते बिचाऱ्यांना."

आणि अण्णा? कोथरूडला राहायला आले तरी बसने रोज दुकानात. दिवसभर रस्त्याकडे बघायचे, संध्याकाळी परत. मग एकाएकी बघते तर अण्णांची कळी खुललेली. "कुंदा, लोक परत सायकलीकडे वळतायत बरं का. गुडघे धरलेत सगळ्यांचे. डॉक्टर सांगतात, सायकल मारा." मला बरं वाटलं. मी मूर्खासारखी माझ्या क्लासच्या पोरांनासुद्धा सांगितलं, बघा, जुनं ते सोनं.

तो पार्किंगमधला बुधवार आठवतो? तुझी सुट्टी बुधवारची. मी तुमच्याकडे भाजी द्यायला आले, तर तू जिन्याखाली उकिडवा बसलेला, सायकल उलटी केलेली, हातात स्पोकची चावी.

"काय करतोयस?"

"चाक सैल करतोय."

"सैल? का?"

तू वर बघितलंसुद्धा नाहीस. "अण्णांना काम नको का?"

म्हणजे दर बुधवारी हा गृहस्थ स्वतःच्या हाताने चांगल्या चाकाचे स्पोक ढिले करणार, डुगडुगत नारायण पेठेत जाणार, बापापुढे उभा राहून "अण्णा, पुन्हा आऊट झालंय हो" म्हणणार, आणि अण्णा रोख पैसे घेणार! सख्ख्या मुलाकडून! वर ऐकवणार, "सायकल वापरायची अक्कल नाही तुला, रणगाडा समजतोस काय?" आणि तुझ्या गेटवरचे ते तिघे-चौघे माजी सैनिक, नाईक जाधव आणि मंडळी, तेही तूच पाठवलेले. कुणाची हवा काढलेली, कुणाचा ब्रेक ढिला केलेला. फौजेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे याला उद्योग म्हणतात. पण त्या दिवशी मला हसू आलं. जिन्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसले, आणि घरी जाताना थोडी रडलेही. तुझ्यासारखा भाऊ प्रत्येकीला असावा असं मला त्या दिवशी फार वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तू "जाऊ दे ना" म्हणाला असतास.

पुढे ते कार्ड आलं. माजी सैनिकांच्या आईवडिलांनाही दवाखान्याचं कार्ड मिळतं, औषधोपचार, ऑपरेशन सगळं त्यात, हे जाधवांनीच तुला सांगितलं. अट एकच होती, की आईवडील मुलावर अवलंबून असले पाहिजेत. ही अट वाचून आपण दोघं किती निश्चिंत झालो होतो! अण्णांची कमाई म्हणजे तुझाच खिसा, आडवळणाने. ते अवलंबून नाहीत तर कोण? मी सगळे कागद भरले, क्लास बुडवला, अण्णांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि तिघं कॅम्पातल्या कचेरीत गेलो.

टेबलापलीकडे ते निवृत्त सुभेदार होते, चष्म्याला दोरी बांधलेले. माणूस चांगला. उठून अण्णांना खुर्ची दिली.

"बाबा, मुलाकडेच राहता ना?"

"तो माझ्याकडे राहतो."

सुभेदारांनी कागद बघितला. "घर तर हवालदारांच्या नावावर दिसतंय."

"नाव त्याचं आहे. बाप मी आहे."

"बरं. एक सरळ विचारतो. खर्चापाण्याला मुलावर अवलंबून आहात ना?"

अण्णा खुर्चीत असे ताठ झाले की मला वाटलं, आता उठून उभे राहतायत. "अवलंबून? मी? अहो, नारायण पेठेत दुकान आहे माझं. उलट हाच दर बुधवारी माझ्या दारात असतो. याची सायकल मी नीट ठेवतो म्हणून हा फिरतोय."

"चालतं का अजून दुकान?"

"चालतं म्हणजे? गिऱ्हाईक बांधलेलं आहे. बरेचसे तुमचे फौजीच आहेत."

मी तुझ्याकडे बघितलं. तू पंख्याकडे बघत होतास. सुभेदारांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, वडील म्हणतायत अवलंबून नाही. मी उलटं कसं लिहू? त्यांना नीट समजावून आणा, मग बघू." आणि समोरच्या कागदावर तेवढी नोंद करून त्यांनी फाईल बाजूला सारली.

बाहेर आल्यावर अण्णांनी आपल्याला उसाचा रस पाजला. स्वतःच्या खिशातून! "त्या साहेबाला बरोबर सांगितलं की नाही? उगीच कुणाच्या उपकारात राहायचं नाही." तू रस पीत "हो अण्णा, बरोबर सांगितलंत" म्हणालास. मी तो ग्लास फेकायचा तेवढा बाकी ठेवला.

समजावून आणा. एवढंच तर म्हणाले होते ते! सरकारी कचेरीत कुणी इतकं सरळ सांगतं का? त्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात मी आवाज चढवला, तू दार लोटून घेतलंस.

"तू सांग त्यांना खरं," मी म्हटलं. "सांग की गिऱ्हाईक तू पाठवतोस."

"आणि मग? उद्या सकाळी ते कुठे जातील?"

"घरी बसतील. चार म्हातारे बसतात तसे बागेत बसतील."

"चार म्हातारे बसतात. अण्णा बसायचे नाहीत. अण्णा झोपतील, आणि उठायचे नाहीत."

"आणि उद्या काही दुखलं-खुपलं म्हणजे? कार्ड नाही, काही नाही, काय करणार आहेस?"

"मी आहे ना."

"तू काय जन्माला पुरणार आहेस?"

"कुंदे, जाऊ दे ना."

त्या चार शब्दांवरून मी तुझ्याशी नंतर कितीदा भांडले! राखीपौर्णिमेला भांडले, दिवाळीत फराळाचं ताट पुढे ठेवून भांडले. तू चकली खात ऐकायचास. माझं म्हणणं साधं होतं. सरकारकडे भीक मागत नव्हतास तू. ऐन उमेदीची वर्षं दिली होतीस. सणावाराला घरी नव्हतास, आईच्या शेवटच्या आजारात रजा मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्या बदल्यात बापाच्या औषधांची सोय होत होती तर ती कुणाच्या अहंकारासाठी सोडायची? अण्णांच्या की तुझ्या? कारण मला खरं काय वाटतं सांगू? अण्णांना तुझ्यावर अवलंबून नसण्याचा जेवढा अभिमान होता ना, तेवढाच तुला त्यांना ते कळू न देण्याचा होता. दोघंही एका माळेचे मणी, आणि ओवायला मी.

व्हायचं ते झालंच. अण्णा दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. खासगी दवाखाना, ऑपरेशन, आतमध्ये बसवायचं ते काय म्हणतात ते. तू मांजरीचा प्लॉट विकलास.

तो प्लॉट विकायला नको होतास रे. तुझं त्या जागेवर प्रेम होतं. शेजारी ऊस, लांबवर कारखान्यासारखी ती उसाच्या संशोधनवाल्यांची इमारत. अण्णांना सायकलवर मागे बसवून तू एकदा तिथपर्यंत नेलं होतंस, म्हणजे अर्धा रस्ता तेच सायकलीला शिव्या देत चालले होते. जमिनीवर काठीने रेघा ओढून तू त्यांना खोल्या दाखवल्यास. "ही तुमची खोली. बाहेर शेड. शेडमध्ये दुकान." आता तिथे मोठी सोसायटी झाली आहे. मी बसने जाते तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसते.

आणि अण्णांना काय सांगितलंस? "फौजेने केलं सगळं. हवालदाराच्या वडिलांचा मान असतो." त्यांनी मान डोलावली. पुढे कधी "मांजरीला जाऊन येऊ" म्हणाले की तू म्हणायचास, रस्ता खणलाय, ऊस वाढलाय, साप निघालेत. हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, आता तरी कार्ड कर. आता तरी त्यांना समजाव, पुढची दुखणी रांगेत उभी आहेत. तू म्हणालास, "मी आहे ना."

आहेस कुठे?

मला उत्तर दे. कुठे आहेस? गेटवर उभा होतास, म्हणे. पाणी मागितलंस, खुर्चीत बसलास. ती गळ्यात कार्डं घातलेली पोरं तुला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. दहाव्याला आली होती बरं का त्यातली दोघं. सगळ्यांपासून लांब उभी राहून रडत होती. चांगली आहेत पोरं, तू म्हणायचास ते खरं होतं. पण तू मला "मी आहे ना" म्हणाला होतास दादा, आणि आज सकाळी अण्णांची रक्तदाबाची गोळी संपली तेव्हा मी दुकानदाराला काय सांगू, की माझा भाऊ आहे?

मी आहे, ते ठीकच. पण अण्णा लेकीच्या घरी राहायचे नाहीत. दुपारचा चहा घेतात तोही उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसून, जणू पुढच्या बसला जायचंय. "जावयाच्या घरी म्हाताऱ्याने मुक्काम टाकू नये." हे सुद्धा समजावून थकले. बोलून उपयोग नाही. त्यामुळे तुझ्या त्या फ्लॅटमध्ये एकटे बसलेले असतात. दुकान मात्र, तू गेल्यापासून, उघडलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर जाधव आले. चहा पुढे तसाच ठेवून म्हणाले, "ताई, हवालदारसाहेबांना बायको-मुलं नव्हती. अशा वेळी वडिलांना पेन्शन मिळू शकते. दवाखान्याचं कार्डही होईल. फक्त..." आणि थांबले.

"फक्त अवलंबून असले पाहिजेत," मी म्हटलं.

"हो. आणि फाईलला त्यांचं आधीचं उत्तर लावलेलं आहे."

मला हसावं की रडावं कळेना. तोच प्रश्न, तेच टेबल, आणि पंख्याकडे बघायला तूही नाहीस. या वेळी अण्णांनी पुन्हा छाती काढून "माझं दुकान आहे" म्हटलं की संपलं. म्हाताऱ्याच्या हातात काही राहणार नव्हतं. मी रिक्षात बसल्यापासून त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. "अण्णा, ते विचारतील. तुम्ही नुसतं हो म्हणा. दुकानाचं नाव काढू नका. मान खाली घालावी लागत नाही त्यात. दादाचा हक्क आहे तो." अण्णा बाहेर बघत होते. लकडी पुलावर ट्रॅफिक तुंबला होता. एका सायकलवाल्याकडे बघून म्हणाले, "मागच्या चाकात हवा कमी आहे." एवढंच.

सुभेदार तेच. केस जास्त पांढरे झालेले. त्यांनी उठून अण्णांचे दोन्ही हात धरले, तुझं नाव घेतलं, बसवलं. मग चष्मा लावून फाईल उघडली आणि बराच वेळ वाचत राहिले.

"बाबा, विचारावं तर लागेल. मुलगा असताना तुम्ही त्याच्यावर अवलंबून होतात का?"

"होय," अण्णा म्हणाले.

इतक्या सहज? मी दरवाजा फोडायची तयारी करून आले होते, आणि तो उघडाच होता.

सुभेदारांनी कागदावर बोट ठेवलं. "पण मागे तुम्ही नाही म्हणाला होतात. माझ्यासमोरच. दुकान चालतंय, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, असं इथे आहे. मला वर उत्तर द्यावं लागतं बाबा. मग तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"गिऱ्हाईक नव्हतं?"

"होतं. एकच. बाकीचे त्यानेच धाडलेले." अण्णांनी हात टेबलावर ठेवले. ते काळे पडलेले, वंगण मुरलेले हात. "साहेब, स्पोक आपले आपण सैल होतात तेव्हा कुठला तरी एखादा होतो. शेजारशेजारचे दोन, दर आठवड्याला, तेही चावी लावून? चावीचा ओरखडा कळतो की मला. पहिल्या बुधवारीच कळलं."



"मग बोलला का नाहीत?" सुभेदारांनी विचारलं. फाईलसाठी विचारलं की स्वतःसाठी, कोण जाणे.

"त्याला वाटत होतं मला कळत नाही. म्हटलं, वाटू दे. एवढ्या लांबून यायचा बिचारा डुगडुगत. दुकान बंद केलं असतं तर माझं काय जात होतं? त्याला बुधवारी यायला ठिकाण राहिलं नसतं. घरी आम्ही दोघं असायचो, पण बोलायचो कुठे? बोलायचो ते दुकानात." पुढे म्हणाले, "त्या दिवशी इथे तो शेजारी बसला होता. त्याच्या देखत कसं म्हणू, की पोरा, तुझ्या जिवावर जगतोय? बाप होतो मी त्याचा." मग माझ्याकडे न बघता, "मांजरीला न्यायचं बंद केलंस... केलं त्याने, तेव्हा तेही समजलो. हिला वाटतं मला काही कळत नाही."

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. मग लिहायला लागले. अण्णा त्यांना म्हणाले, "नीट लिहा. बाप सगळ्या बाबतीत अवलंबून होता, असं लिहा."

कागद वर गेला आहे. होईल असं सुभेदार म्हणाले, वेळ लागेल. झालं तर झालं. पण मला काय म्हणायचंय ते ऐक. तुम्ही दोघांनी मिळून माझा जीव घेतलात! तू लपवलंस आणि त्यांनी तुझं लपवणं लपवलं. एका हाताने चाक सैल करायचं, दुसऱ्याने घट्ट करायचं, आणि मध्ये प्लॉट गेला, कार्ड गेलं, तू गेलास. एकदा, फक्त एकदा, तुमच्यापैकी कुणी तोंड उघडलं असतं तर? तुझ्या कानांवर ते "होय" पडायला हवं होतं दादा. त्या खुर्चीवर तू बसलेला हवा होतास. पण तू बसला असतास तर ते बोललेच नसते, आणि हे मला सहनच होत नाहीये.

बाहेर आल्यावर मी रिक्षावाल्याला कोथरूड म्हटलं. अण्णा म्हणाले, "नारायण पेठ."

दुकान उघडलं. आत तुझी सायकल उलटी करून ठेवलेली होती. शेवटच्या बुधवारी टाकून गेला होतास, उद्या नेतो म्हणून. अण्णांनी पाटी पुसली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, बसले आणि चाक फिरवलं. डोळा बारीक केला. दोन स्पोक शोधले, आवळले, पुन्हा फिरवलं. चाक सरळ, गुळगुळीत फिरत होतं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

मग त्यांनी चावी पुन्हा लावली आणि तेच दोन स्पोक सैल केले.

"अण्णा, अहो काय करताय?"

"मला काम नको का?" अण्णा म्हणाले, आणि सायकल सरळ करून हँडल माझ्या हातात दिलं.

काय बोलणार? आपल्या घराण्यात बोलून कुणाचं काही झालंय? मी ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. या वयात दांड्याची सायकल, कर्वे रस्त्याची ती गर्दी, मागून हॉर्नवर हॉर्न. क्लासच्या दोन मुली स्कूटीवरून "मॅडम?" म्हणत वळून वळून बघत गेल्या. नळ स्टॉपला एकदा पाय टेकवावे लागले. चाक जाम डुगडुगतं रे. तू हे सगळं अंतर असाच यायचास, दर आठवड्याला, आणि तक्रार म्हणून नाही.

सायकल आता माझ्या पार्किंगमध्ये आहे. बुधवारी दुरुस्तीला न्यायची आहे.

तुझी,
कुंदा